वाळूतले दोन डोळे

सॅन फ्रान्सिस्कोहून किनारा धरून दक्षिणेला निघालं की सुमारे १२० किलोमीटरवर सांताक्रूझ लागतं. इथे कॅलिफोर्नियाचा किनारा एकदम आत वळतो आणि माँटेरेचा उपसागर सुरू होतो. वरच्या टोकाला सांताक्रूझ, खालच्या टोकाला माँटेरे आणि मधोमध मॉस लँडिंग नावाचं मासेमारीचं लहानसं बंदर. मे-जून उजाडला की उपसागराच्या उत्तर भागात, सांताक्रूझ आणि कॅपिटोलाच्या पुळणींवरून, भल्या पहाटे निमुळत्या प्लॅस्टिकच्या होड्या पाण्यात उतरू लागतात. एका होडीत एकच माणूस. इंजिन नाही, शीड नाही. ही कयाक. ती ज्याच्या मागावर निघते तो मासा म्हणजे कॅलिफोर्निया हॅलिबट.

पाहणाऱ्याला हा सुट्टीचा छंद वाटतो, आणि बहुतेकांसाठी तो असतोही. पण होडी किती वेगाने वाहू द्यायची, आमिष कुठे ठेवायचं, माशाने तोंड लावल्यावर किती थांबायचं, तो होडीत कसा घ्यायचा, कोणता परत सोडायचा, यातली जवळजवळ प्रत्येक रीत त्या माशाच्या शरीरातून आलेली आहे. म्हणून आधी मासा.

हॅलिबट हा चपटा मासा. कोकणात ज्यांनी लेप पाहिला आणि खाल्ला आहे त्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल: अंग पसरट, दोन्ही डोळे एकाच बाजूला, एक बाजू मातकट आणि दुसरी पांढरी. मात्र त्या बाजू म्हणजे पाठ आणि पोट नव्हेत. मासा जन्मभर कुशीवर पडलेला असतो. आपण जिला पाठ समजतो ती त्याची डावी किंवा उजवी कूस असते.

अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो इतर कुठल्याही माशासारखाच असतो. डोके सरळ, दोन्हीकडे एकेक डोळा, उभा पोहणारा. साधारण महिनाभरात, लांबी जेमतेम सेंटिमीटरच्या आसपास असताना, त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ होते. थायरॉइडच्या संप्रेरकांच्या इशाऱ्याने कवटीची हाडं पिळवटत जातात आणि एका बाजूचा डोळा माथ्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. पिल्लू हळूहळू कलतं, तळाला बसतं आणि पुन्हा कधी सरळ होत नाही. कॅलिफोर्निया हॅलिबट ज्या कुळात मोडतो त्यातल्या माशांचे डोळे सहसा डाव्या बाजूला असतात. या जातीत मात्र सुमारे ४० टक्के मासे उजव्या डोळ्यांचे निघतात.

हा सरकणारा डोळा डार्विनच्या सिद्धांतासाठी डोकेदुखी ठरला होता. १८७१ साली सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने प्रश्न टाकला: उत्क्रांती जर पायरीपायरीने होत असेल तर अर्ध्या वाटेवर आलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय? दोन्ही डोळे वर आल्याशिवाय तळाला पडलेल्या माशाला फायदा नाही, मग मधल्या पिढ्या टिकल्या कशा? डार्विनने पुढच्याच वर्षी आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत याला उत्तर दिलं, पण हातात पुरावा म्हणून जुना मासा नव्हता. तो २००८ साली मिळाला. इटलीतल्या मोंते बोल्का इथल्या, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अभ्यास करताना मॅट फ्रीडमन या संशोधकाला असे मासे दिसले ज्यांचा एक डोळा माथ्याच्या दिशेने सरकला होता, पण पलीकडे पोचला नव्हता. मायव्हर्ट ज्याला अशक्य म्हणत होता तो अर्ध्या वाटेवरचा मासा खरोखरच जगून गेला होता.

अशा अवस्थेची खूण जिवंत पाहायची तर आपल्या अरबी समुद्रात पाहावी. कोकणात भाकस म्हणतात तो मासा चपट्या माशांच्या सर्वांत जुन्या शाखेतला. त्याचा सरकलेला डोळा पुरता या बाजूला येत नाही, कपाळाच्या कडेवरच राहतो. पाठीचा पर इतर चपट्या माशांप्रमाणे डोळ्याच्या पुढे डोक्यापर्यंत पोचत नाही, मागेच सुरू होतो. मासळीबाजारात टोपलीत पडलेला भाकस उचलून त्याच्या डोळ्याची जागा एकदा जरूर निरखावी. दीडशे वर्षांच्या वादातला पुरावा त्या टोपलीत असतो.

परत माँटेरेला येऊ. डोळे एका बाजूला आले की जगण्याची सारी पद्धत बदलते. हॅलिबट वाळूवर पसरतो, कडेचे पर झपझप हलवून अंगावर वाळूचा पातळ थर ओढून घेतो आणि फक्त डोळे उघडे ठेवतो. कातडीतल्या रंगपेशी तळाच्या रंगाप्रमाणे गडद-फिक्या होतात. आता तो वाट पाहतो. वरून अँचोव्हीचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या इवल्या माशांचा थवा जाऊ लागला की क्षणात उसळी मारतो. तोंड मोठं, दात टोकदार. थव्याचा पाठलाग करताना हे मासे पाण्याबाहेर उडी मारतानाही दिसले आहेत. तळाला पडून राहणारा म्हणजे सुस्त, हा समज इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट मासेमाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मोठ्या हॅलिबटच्या पोटात हवेची पिशवी नसते. बहुतेक मासे पाण्यात तरंगत राहण्यासाठी ही पिशवी वापरतात, आणि सोनार यंत्राला मासा दिसतो तो मुख्यतः या पिशवीवरून आदळून परत येणाऱ्या आवाजामुळे. पिशवी नाही आणि अंग वाळूला चिकटलेलं, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर हॅलिबट जवळजवळ दिसतच नाही. आजकाल बऱ्याच कयाकवर छोटं सोनार बसवलेलं असतं, पण त्यात शोधायचं असतं ते त्याचं भक्ष्य. अँचोव्हीचा ढग पडद्यावर दिसला आणि खाली सपाट वाळू असली, किंवा खडकाळ भाग संपून वाळू सुरू होणारी कड असली, तर समजायचं की खाली कुणीतरी पडून असेल. जाणकार गरवणारा यंत्र वाचतो ते तळ ओळखण्यासाठी.

मग हा मासा उपसागराच्या नेमक्या उत्तर कोपऱ्यातच का येतो? याचं उत्तर वाऱ्यात आहे. वसंत ऋतूपासून या किनाऱ्यावर वायव्येकडून जोराचे वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्राकडे सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. या खतावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर अँचोव्ही, अँचोव्हीवर बाकीचे सगळे. सांताक्रूझचे डोंगर मात्र उपसागराच्या उत्तर कोपऱ्याला वाऱ्यापासून आडोसा देतात. तिथलं पाणी फारसं ढवळलं जात नाही, उन्हात तापतं आणि बाहेरच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी उबदार राहतं. शास्त्रज्ञ या पट्ट्याला थंड उसळीची सावली म्हणतात. बाहेर पिकलेलं अन्न या सावलीत येऊन साचतं. त्यातच हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे वायव्येच्या मोठ्या लाटा इथे थेट आदळत नाहीत. मासा, त्याचं भक्ष्य आणि लहान होडीला झेपेल असं पाणी तिन्ही एकाच जागी भेटतात.

मॉस लँडिंगमागची एल्कहॉर्न स्लू ही खाडीही या कहाणीतलीच. हॅलिबटची पिल्लं आपली पहिली काही वर्षं अशा उथळ, शांत, गढूळ पाण्यात काढतात आणि वाढल्यावर उघड्या किनाऱ्याकडे निघतात. खाड्या भरून टाकल्या, त्यांच्या तोंडाशी बांध घातले, की परिणाम कित्येक मैल दूरच्या गळावर दिसतो. कोकणातल्या खाड्यांविषयी बोलतानाही हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

आता कयाक. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची. इन्युइट आणि अल्युशियन बेटांवरचे उनांगन लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिकारीसाठी या होड्या बांधत. माँटेरेच्या वरच्या किनाऱ्यावर त्या आल्या त्या मात्र क्रूर व्यापारामुळे. रशियन कंपनीने १८१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फोर्ट रॉस हे ठाणं वसवलं आणि अलास्काच्या मूळ रहिवाशांना त्यांच्या कातडी होड्यांसह इथे आणून समुद्री ऊदमांजरांची शिकार करवली. ऊदमांजराची फर तेव्हा सोन्याच्या भावाने विकली जायची. रशियन, अमेरिकी आणि इतरांनी मिळून हा प्राणी इतका मारला की तो कॅलिफोर्नियातून संपलाच असं धरून चालले होते. १९३८ साली बिग सरजवळच्या बिक्सबी ओढ्याच्या मुखाशी एक छोटा कळप दिसला. आज माँटेरेच्या उपसागरात पाठीवर तरंगत शिंपले फोडणारी जी ऊदमांजरं दिसतात ती त्या उरलेल्यांची पिलावळ. त्यांच्यापासून किमान पाच कयाकच्या लांबीइतकं अंतर ठेवा असं आता कयाकवाल्यांना बजावलं जातं. ज्या होडीतून त्यांचा संहार झाला, त्याच जातीच्या होडीला आज त्यांच्यापासून लांब राहण्याची शिस्त लागली आहे. मला ही या उपसागराची फार मोठी कमाई वाटते.

आजची मासेमारीची कयाक वेगळी आहे. जुन्या कयाकमध्ये माणूस आत खुपसून बसत असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातच वरून बसायची कयाक घडली: आतून पोकळ आणि सगळीकडून बंद, वर पाणी आलं तरी भोकांतून खाली निथळून जाणारी. उलटली तर पोहत येऊन पुन्हा वर चढता येतं. १९९७ साली होबी कंपनीने पायाने चालवायचं यंत्र आणलं. पेडल मारले की होडीखालचे दोन पर पेंग्विनच्या पंखांच्या धर्तीवर डावीउजवीकडे हलतात. गरवणाऱ्यांसाठी याचा अर्थ एवढाच की हात मोकळे झाले. एका हातात वल्हं आणि दुसऱ्यात गळ अशी कसरत संपली.

हॅलिबटसाठी होडी वेगाने चालवायची नसते. सर्वांत जुनी रीत म्हणजे वाऱ्याने आणि प्रवाहाने वाहत जाणं. मासा जागचा हलत नाही, तेव्हा आमिष त्याच्या डोळ्यांवरून नेलं पाहिजे. ताशी एक ते दोन किलोमीटर हा वेग बरा. याहून जलद गेलं तर दोरी तिरकी होऊन आमिष तळापासून उचललं जातं. सावकाश गेलं तर दिवसभरात फारसा तळ तुडवला जात नाही. वारा वाढला तर पाण्यात कापडी पॅराशूट सोडून होडीला लगाम घालतात. इथे कयाक मोठ्या होडीपेक्षा सरस ठरते असं माझं मत आहे. ती हलकी आणि पाण्यालगत असल्यामुळे संथ वाहते, इंजिनाचा आवाज नसतो, आणि चार-पाच मीटर खोल पाण्यातही ती खालच्या माशाला बिचकवत नाही.

आमिष म्हणून जिवंत अँचोव्ही किंवा सार्डिन सर्वांत खात्रीचं. ते पकडायला एका दोरीवर बारीक पिसं लावलेले पाच-सहा गळ सोडतात. ही जपानी रीत आहे, तिला साबिकी म्हणतात. पकडलेले मासे हवा खेळती ठेवणाऱ्या छोट्या टाकीत जिवंत राहतात. मग तळाशी शिसं, त्याच्या थोडं वर आखूड दोरीवर गळ, गळावर नाकातून ओवलेला मासा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दुसरी पद्धत चालते. शिशाचा जड गोळा तळावर टपटप आपटत नेतात आणि मागे आमिष ओढतात. गोळा आपटला की वाळूचा धुरळा उडतो आणि हॅलिबटचं लक्ष वेधलं जातं असं तिथले मच्छीमार सांगतात. जिवंत आमिष नसेल तर शेपटी वळवळवणारा रबरी मासा लावतात.

माशाचा पहिला स्पर्श फसवा असतो. तो बऱ्याचदा आमिषाला मागून, शेपटीकडून धरतो. काठीला हलकीशी थरथर येते, तेवढ्यात झटका दिला तर हाती चावलेला अर्धा मासा येतो. म्हणून काही सेकंद दोरी सैल सोडून त्याला गिळू द्यायचं, आणि वजन जाणवलं की मगच ओढायचं. ज्यांना थांबणं जमत नाही ते शेपटीजवळ दुसरा छोटा गळ लावतात.

खरी परीक्षा तो होडीजवळ येतो तेव्हा. हॅलिबट खालून वर येताना बरेचदा मुकाट येतो आणि नवख्याला वाटतं की काम झालं. पृष्ठभागाजवळ येताच तो उलटतो आणि पूर्ण ताकदीने खाली मुसंडी मारतो. त्याचं डोकं पाण्याबाहेर काढायचं नाही, हा पहिला नियम. डोकं वर आलं की तो पिसाटतो. पाण्यात आधीच धरलेल्या झेल्यात त्याला डोक्याच्या बाजूने शिरू द्यायचं. होडीची रुंदी जेमतेम ८०-९० सेंटिमीटर, मांडीवर मीटरभर लांब, धारदार दातांचा मासा, त्याच्या तोंडात गळ. त्यामुळे होडीत घेण्याआधीच तो मारून, कल्ले कापून रक्त काढून टाकणं यातच शहाणपण. मांसही त्यामुळे स्वच्छ, पांढरं राहतं. हॅलिबटचं मांस घट्ट, काटे कमी. हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून रव्यात तळला तर मराठी जिभेला परका वाटत नाही, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपट्ट्यातल्या बऱ्याच मराठी घरांना ठाऊक आहे.

इथे कोकणातल्या वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे समुद्रात पडलं तर बुडण्याची भीती. इथे त्याआधी थंडीची. या पाण्याचं तापमान वर्षातला बराच काळ १० ते १५ अंश सेल्सिअस असतं. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, साधारण दहा मिनिटांत हातपाय नीट चालेनासे होतात आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. म्हणून अंगात जाड रबरी पोशाख, वर जीवरक्षक जाकीट, आणि खिशात पाणी लागलं तरी चालणारा व्हीएचएफ रेडिओ. तो होडीला बांधायचा नाही, अंगावर ठेवायचा, कारण होडी उलटून दूर गेली तर त्याचा उपयोग तेव्हाच. सकाळी समुद्र शांत असतो. ऊन चढलं की वारा उठतो आणि दुपारपर्यंत पांढऱ्या लाटा दिसू लागतात. परतीची वेळ माशावरून ठरवू नये, वाऱ्यावरून ठरवावी.

शार्कही आहेत. ॲप्टोसजवळच्या सीक्लिफ पुळणीवर काँक्रीटच्या जुन्या जहाजाचे अवशेष आहेत. त्या परिसरात गेली काही वर्षं उन्हाळ्यात पांढऱ्या शार्कची तरुण पिल्लं जमतात, त्याच उबदार सावलीच्या ओढीने. ती मुख्यतः मासे खातात आणि होड्यांकडे लक्ष देत नाहीत. मोठे शार्क वेगळे. २०१७च्या जुलैत सांताक्रूझजवळ एका मोठ्या शार्कने कयाक चावून फोडली. माणूस पाण्यात पडला, पण सुखरूप बाहेर आला. म्हणून जाणते मासेमार रक्ताळलेला मासा होडीमागे लोंबकळत ठेवत नाहीत, बर्फाच्या पिशवीत टाकतात.

मासा मोजण्याची पट्टी प्रत्येक कयाकवर असते. कॅलिफोर्नियात २२ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटरपेक्षा लहान हॅलिबट ठेवता येत नाही. नर लहानपणीच, दोन-तीन वर्षांत प्रौढ होतो. मादीला चार-पाच वर्षं लागतात आणि तीच मोठी वाढते. नऊ-दहा किलोच्या वरचा हॅलिबट जवळपास नेहमी मादीच असते. २२ इंचांची मर्यादा तिला निदान काही वेळा अंडी घालण्याची सवड देते. हवेची पिशवी नसल्याचा फायदाही इथेच दिसतो. शेजारच्या खडकांवरचे रॉकफिश खोलातून वर ओढले की त्यांची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, आणि त्यांना खाली पोचवायला खास उपकरण लागतं. हॅलिबटचं तसं होत नाही. नीट हाताळून सोडला तर तो सरळ तळाला जाऊन वाळूत शिरतो. सोडलेला मासा खरोखर जगतो, म्हणून हा नियम कागदावर राहत नाही.

जाळ्यांची गोष्ट निराळी होती. हॅलिबटसाठी तळाला उभी लावलेली गिलजाळी इथे बरीच वर्षं चालत. त्यात समुद्रपक्षी, पॉरपॉइज आणि ऊदमांजरं अडकून मरत. दक्षिण कॅलिफोर्नियात लोकांनी १९९० साली मतदानाने किनाऱ्याजवळच्या गिलजाळ्यांवर बंदी आणली. मध्य कॅलिफोर्नियात, माँटेरेसकट, २००२ साली ६० वावांहून उथळ पाण्यात त्यांना मनाई झाली. या मनाईचा फटका बसलेल्या मच्छीमार कुटुंबांचं दुःख खरं आहे, आणि तरीही हा निर्णय योग्य होता असं मला वाटतं. गळ एका वेळी एक मासा आणतो, आणि नको असलेला परत सोडता येतो.

अर्थात गळही संख्येने वाढला की भार होतो. २०२३ साली सॅक्रामेंटो आणि क्लॅमथ नद्यांमधला साल्मन इतका घटला की कॅलिफोर्नियात साल्मनची सागरी मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. साल्मनसाठी निघणारे सगळे हॅलिबटकडे वळणार हे उघड होतं. तेव्हा पॉइंट सरच्या उत्तरेला एका माणसाने दिवसाला ठेवायच्या माशांची मर्यादा तातडीने ३ वरून २ वर आणली. दक्षिणेला ती ५ होती. काहींची कुरकुर झाली, कारण पेट्रोल, परवाना आणि पहाटेची झोप खर्चून दोनच मासे. पण कयाकच्या बर्फाच्या पिशवीत दोनाहून अधिक मोठे हॅलिबट तसेही नीट मावत नाहीत.